पहिली तिरपी रेघ कोणाची? उपफोल्डरमधली संकेतस्थळं आणि तुटलेल्या दुव्यांचा इतिहास

आजचा विषय वरवर पाहता कारागिरीचा आहे. संगणकाच्या कामाशी संबंध असलेल्यांना तो रोजचा वाटेल आणि नसलेल्यांना जरा कोरडा. पण त्यामागे पन्नास-साठ वर्षांचा इतिहास आहे आणि तो समजला की रोजची दुरुस्तीही सोपी होते. म्हणून आज आपण इतिहासाच्या वाटेनं जाऊ आणि शेवटी दुरुस्तीपाशी पोचू.

प्रसंग ओळखीचा आहे. एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी कोणीतरी पुस्तकांच्या यादीचं वेब ॲप्लिकेशन तयार करतं. स्वतःच्या संगणकावर ते उत्तम चालतं. मग ते महाविद्यालयाच्या सर्व्हरवर जातं. तिथं मुख्य पत्ता महाविद्यालयाचा आहे, त्यामुळे ग्रंथालयाला त्याच्या आत एक फोल्डर मिळतो, समजा '/ग्रंथालय/'. पान उघडतं, पण उघडंबोडकं. रंग नाहीत, चित्रं नाहीत. मेन्यूतल्या 'नवीन पुस्तकं'वर क्लिक केलं की महाविद्यालयाच्या मुख्य संकेतस्थळाचं '४०४, पान सापडलं नाही' समोर येतं. प्रोग्रॅममध्ये एक अक्षरही बदललेलं नाही. बदलली ती फक्त जागा.

हे का होतं? एका वाक्यात सांगायचं तर, पत्त्याच्या सुरुवातीच्या तिरप्या रेघेमुळे, म्हणजे स्लॅशमुळे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं '/नवीन' असं लिहिलेलं असतं. त्याच्या मनात त्या रेघेचा अर्थ 'माझ्या ॲप्लिकेशनचं दार' असा असतो. ब्राउझर मात्र तिचा अर्थ 'या सर्व्हरचं मुख्य दार' असा घेतो, आणि नियमाप्रमाणे ब्राउझरच बरोबर असतो. आजच्या व्याख्यानाचा सगळा गाभा या एका गैरसमजात आहे. वेबचा पाया घातला गेला तेव्हा पानं कुठंही राहू शकतील अशी सोय केलेली होती. पुढं ॲप्लिकेशनं आली आणि प्रत्येकानं संपूर्ण सर्व्हर आपल्याच मालकीचा आहे असं धरून चालायला सुरुवात केली.

वाडा आणि बिऱ्हाड

आधी पत्त्यांचे तीन प्रकार पाहू. जुन्या पुण्यातला एखादा वाडा डोळ्यासमोर आणा. आत बरीच बिऱ्हाडं आहेत. एखाद्याला पत्ता तीन तऱ्हांनी सांगता येतो. एक, पूर्ण पत्ता: शहर, पेठ, घर क्रमांक, आतलं बिऱ्हाड. दोन, 'दिंडी दरवाजातून आत या, डावीकडची तिसरी खोली'. आणि तीन, 'आमच्या शेजारची खोली'. पहिला पत्ता जगात कुठूनही चालतो. दुसरा त्या वाड्यापुरता चालतो. तिसरा आपण कुठं उभे आहोत यावर अवलंबून असतो.

वेबवरही हेच तीन प्रकार आहेत. 'एचटीटीपी'पासून सुरू होणारा तो पूर्ण पत्ता. स्लॅशनं सुरू होणारा तो दिंडी दरवाजापासूनचा, म्हणजे मुळापासूनचा. आणि नुसतं 'नवीन' किंवा '../चित्रे/मुखपृष्ठ' असं लिहिलं तर तो सापेक्ष पत्ता. आता एखाद्या बिऱ्हाडानं वाडा बदलला तर काय होईल? 'शेजारची खोली' हा पत्ता सगळ्या खोल्या एकत्र हलल्या असतील तर तसाच चालेल. 'दिंडी दरवाजातून डावीकडची तिसरी' मात्र नव्या वाड्यात भलत्याच माणसाच्या घरात नेईल. आपल्या ग्रंथालयाचं नेमकं तेच झालं.

ही रेघ वेबनं शोधलेली नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेत 'मल्टिक्स' नावाची प्रणाली तयार झाली. फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत फाइल, ही झाडासारखी रचना तिथं होती. मल्टिक्समध्ये नावांच्या मध्ये 'पेक्षा मोठे' हे गणितातलं चिन्ह लिहीत आणि वरच्या पातळीवर जाण्यासाठी 'पेक्षा लहान'. १९६९पासून बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स उभी केली. त्यांनी ती रचना घेतली, पण चिन्ह बदलून तिरपी रेघ आणली. एक टिंब म्हणजे 'मी आहे तोच फोल्डर' आणि दोन टिंबं म्हणजे 'एक पायरी वर' ही खूणही युनिक्समधलीच. तिथं सुरुवातीच्या रेघेचा अर्थ स्पष्ट होता: संगणकाच्या संपूर्ण फाइल-झाडाचं मूळ. एक संगणक, एक मूळ.

१९८९ ते १९९२: पहिली पानं

मार्च १९८९मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत माहितीच्या व्यवस्थापनाचा एक प्रस्ताव दिला. १९९०च्या अखेरीस त्यांच्या नेक्स्ट संगणकावर पहिला सर्व्हर आणि पहिला ब्राउझर चालू झाला. ऑगस्ट १९९१मध्ये त्यांनी हा प्रकल्प बाहेरच्या जगासमोर मांडला.

'हायपरटेक्स्ट' हा शब्द त्याआधीच टेड नेल्सन यांनी १९६०च्या दशकात दिला होता. नेल्सन यांच्या 'झॅनाडू' कल्पनेत दुवा दोन्ही बाजूंना माहीत असायचा. तिकडचं पान हललं तरी इकडचा दुवा तुटू नये अशी अपेक्षा होती. बर्नर्स-ली यांनी उलटा मार्ग घेतला. दुवा एकाच बाजूचा. समोरच्या पानाला त्याची कल्पनाही नसते. दुवा तुटला तर तुटला, सर्व्हरनं 'सापडलं नाही' एवढं सांगावं. ही तडजोड होती. तिच्यामुळेच कोणाचीही परवानगी न घेता कोणालाही कोणाच्याही पानाकडे दुवा देता आला आणि वेब पसरलं. पण त्याचबरोबर दुवा शाबूत ठेवायची जबाबदारी पान लिहिणाऱ्यावर येऊन पडली. ती आजतागायत त्याच्याच डोक्यावर आहे.

पत्त्याचा साचा मात्र युनिक्समधून आला. रेघ आली, दोन टिंबं आली. सर्व्हरच्या नावाआधीची जोडरेघ 'अपोलो डोमेन' या प्रणालीच्या पद्धतीवरून घेतली. ती नसती तरी चाललं असतं, असं बर्नर्स-ली यांनी पुढं स्वतःच म्हटलं आहे.

आता एक पुरावा पाहू. आमच्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका पुरावा हाच आहे. सर्नच्या पहिल्या संकेतस्थळावर प्रकल्पाची ओळख करून देणारं एक पान होतं. त्यातले दुवे बघितले तर बरेचसे सापेक्ष आहेत. 'हायपरमीडिया म्हणजे काय' याचा दुवा म्हणजे नुसतं शेजारच्या फाइलचं नाव. जगात कुठं काय माहिती आहे याचा दुवा दोन टिंबांनी सुरू होतो, म्हणजे 'एक पायरी वर जा आणि तिथून दुसऱ्या फोल्डरमध्ये शिरा'. या संकेतस्थळाची ३ नोव्हेंबर १९९२ या तारखेची एक प्रत आज डब्ल्यू३सी या संस्थेच्या सर्व्हरवर आहे. कुठं? 'इतिहास' अशा अर्थाच्या फोल्डरच्या आत, तारखेच्या नावाच्या उपफोल्डरमध्ये. म्हणजे जगातलं पहिलं संकेतस्थळ आज दुसऱ्याच्या वाड्यात, दोन खोल्या आत, भाडेकरूसारखं राहतंय. आणि त्यातले ते शेजारचे दुवे उघडतात! कोणी ते दुरुस्त करायची गरज पडली नाही. 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' म्हणतात ना, तसं.

१९९४-९५: नियम लिहिले गेले

ही सोय आपोआप घडलेली नव्हती, ती विचारपूर्वक ठेवलेली होती. जून १९९४च्या आरएफसी १६३० या दस्तऐवजात बर्नर्स-ली यांनी पत्त्यांची रचना मांडली, त्यात अर्धवट पत्त्यांची सोय होती. जून १९९५मध्ये आरएफसी १८०८ आला, लेखक रॉय फील्डिंग. तो संपूर्ण दस्तऐवज फक्त सापेक्ष पत्त्यांवर आहे. त्याचं कारणही तिथं दिलं आहे. पानं एकमेकांना सापेक्ष पत्त्यांनी जोडलेली असतील, तर पानांचं सगळं झाडच्या झाड उचलून दुसरीकडे नेता येतं, आतला एकही दुवा न बदलता. १९९५मध्ये हे हेतू म्हणून लिहून ठेवलं होतं, हे आपण लक्षात ठेवू. पुढं जानेवारी २००५मध्ये आरएफसी ३९८६ आला. आजचे ब्राउझर मूलतः तोच हिशेब करतात.

हिशेब असा. ब्राउझर चालू पानाचा पत्ता घेतो, त्यातल्या शेवटच्या रेघेनंतरचं सगळं पुसतो आणि तिथं सापेक्ष पत्ता चिकटवतो. पान '/ग्रंथालय/यादी' असेल आणि चित्राचा पत्ता 'शिक्का.पीएनजी' असेल, तर ब्राउझर '/ग्रंथालय/शिक्का.पीएनजी' मागतो. ठीक. पण पान '/ग्रंथालय' असं, शेवटच्या रेघेशिवाय उघडलं तर? शेवटच्या रेघेनंतरचं पुसलं म्हणजे 'ग्रंथालय' हा शब्दच पुसला गेला. उरलं '/शिक्का.पीएनजी'. चित्र गायब. शेवटची एक रेघ असली तर पान नीट, नसली तर मोडलेलं. म्हणूनच अपाचेसारखे सर्व्हर फोल्डरचा पत्ता रेघेशिवाय मागितला की आधी रेघ जोडून परत पाठवतात. फाइलींच्या खऱ्या फोल्डरसाठी हे आपोआप होतं. ॲप्लिकेशनच्या बाबतीत ते आपल्याला बघावं लागतं.

एचटीएमएलमध्ये 'बेस' नावाचा टॅगही तेव्हापासून आहे. 'या पानावरचे सापेक्ष दुवे इथून मोजा' असं तो सांगतो. उपयोगी आहे, पण त्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. बेसमध्ये '/ग्रंथालय/' लिहिलं की '/नवीन' हा दुवा सुधारेल असं लोकांना वाटतं. नाही सुधारत. रेघेनं सुरू होणारा पत्ता बेसमधल्या फोल्डरकडे बघतच नाही, तो थेट दिंडी दरवाजाशी जातो. वर पानातल्या पानात उडी मारणारे '#'वाले दुवेही बेसपासून मोजले जातात आणि भलतंच पान उघडतात. म्हणून बेस वापरायचा तर दुवे आधी रेघेशिवाय लिहिलेले हवेत.

भाडेकरूंचं वेब आणि मालकांचं वेब

सुरुवातीच्या वेबवर बहुतेक सगळे भाडेकरूच होते. विद्यापीठाच्या सर्व्हरवर प्रत्येकाला '~' या चिन्हामागे आपलं नाव असलेला फोल्डर मिळायचा. जिओसिटीज या सेवेवर तर लोकांची घरं चक्क वस्त्यांमध्ये असायची. वस्तीचं नाव, मग घराचा क्रमांक, असा पत्ता. स्वतःचं डोमेन घ्यायचं तर सप्टेंबर १९९५पासून दोन वर्षांचे शंभर डॉलर पडू लागले. शिवाय तांत्रिक अडचण होती. त्या काळचा ब्राउझर सर्व्हरला फक्त मार्ग सांगायचा, 'मी अमक्या नावाच्या संकेतस्थळाकडे आलोय' हे सांगायचा नाही. त्यामुळे प्रत्येक डोमेनला वेगळा आयपी क्रमांक लागायचा.

जानेवारी १९९७च्या एचटीटीपी १.१ या मानकानं ब्राउझरला 'होस्ट', म्हणजे संकेतस्थळाचं नाव सांगणं सक्तीचं केलं. आता एकाच आयपी क्रमांकावर शेकडो डोमेनं नांदू शकली. स्वस्त होस्टिंगचा सगळा धंदा या एका ओळीवर उभा राहिला. चांगलंच झालं. पण त्यातून एक सवय लागली. प्रत्येकाकडे स्वतःचं डोमेन असणार, म्हणजे मुळाची रेघ आपलीच, असं प्रोग्रॅम लिहिणारे धरून चालले.

सगळ्यांनी तसं केलं नाही, हेही सांगायला हवं. १९९३मध्ये वेबवर प्रोग्रॅम चालवायची सीजीआय ही पद्धत आली. तिनं पत्त्याचे दोन तुकडे केले. एक 'स्क्रिप्ट नेम', म्हणजे प्रोग्रॅम कुठं बसवला आहे. दुसरा 'पाथ इन्फो', म्हणजे प्रोग्रॅमच्या आत कुठं जायचं आहे. आपल्या प्रश्नाचं उत्तर तिथंच दिलेलं आहे! पहिला तुकडा सर्व्हर सांगतो, दुसरा प्रोग्रॅमचा. दुवा बनवताना दोन्ही जोडायचे. पायथनच्या डब्ल्यूएसजीआय या पद्धतीनं ही विभागणी जशीच्या तशी घेतली. जावामध्ये १९९९च्या सर्व्हलेट २.२मध्ये ती 'कॉन्टेक्स्ट पाथ' या नावानं आली. २००२च्या एएसपी डॉट नेटमध्ये '~/' असं लिहिलं की 'या ॲप्लिकेशनचं घर' असा अर्थ होतो.

मग दुवे तुटतात कशामुळे? जावाचं उदाहरण घ्या. ॲप्लिकेशन मुळाशी बसवलं असेल तर कॉन्टेक्स्ट पाथ म्हणजे रिकामी अक्षरमाला. ती दुव्याला जोडली काय, न जोडली काय, फरक दिसत नाही. लिहिणारा स्वतःच्या संगणकावर मुळाशीच काम करतो, म्हणून चूक त्याला कधी दिसतच नाही. ती दिसते दुसऱ्याच्या सर्व्हरवर, उपफोल्डरमध्ये, आणि ज्याला दिसते त्याच्याकडे बहुधा ती दुरुस्त करायचं ज्ञान नसतं.

वर्डप्रेसनं वेगळा मार्ग घेतला. तिथं संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता डेटाबेसमध्ये लिहिलेला असतो आणि लेखातल्या चित्रांचे पत्तेही पूर्णच साठवले जातात. उपफोल्डरमध्ये बसवायला वर्डप्रेसला अडचण नाही. हलवताना मात्र डेटाबेसभर जुना पत्ता शोधून नवा घालावा लागतो. त्यातही काही माहिती अक्षरांच्या संख्येसह साठवलेली असते. साधं 'शोधा आणि बदला' केलं की पत्ता बदलतो, संख्या जुनीच राहते आणि सेटिंग्ज उडतात. त्यासाठी ही रचना ओळखणारं साधनच वापरावं लागतं.

मधला दरवान

पुढं आणखी एक पात्र आलं, रिव्हर्स प्रॉक्सी. त्याला आपण दरवान म्हणू. बाहेरून आलेली '/ग्रंथालय/यादी' ही मागणी तो आतल्या दुसऱ्या संगणकाकडे पाठवतो आणि पाठवताना पुष्कळदा 'ग्रंथालय' हा शब्द काढून टाकतो. आतल्या ॲप्लिकेशनला फक्त '/यादी' दिसतं. आपण उपफोल्डरमध्ये राहतो हे त्या बिचाऱ्याला कळणार कसं?

अपाचेमध्ये यासाठी 'प्रॉक्सी-पास-रिव्हर्स' ही सूचना आहे. ती उत्तराच्या शीर्षकातले पत्ते सुधारते, उदाहरणार्थ 'आता या पानावर जा' अशी रवानगी. पानाच्या आतल्या दुव्यांना ती हात लावत नाही. म्हणून निक क्यू यांनी पानातले दुवे वाचून बदलणारं एक वेगळं मॉड्यूल लिहिलं. २०१२च्या अपाचे २.४पासून ते अपाचेबरोबरच येतं. एंजिनएक्समध्ये तर आतल्या पत्त्याच्या शेवटी एक रेघ दिली की फोल्डरचा शब्द गळतो आणि न दिली की तसाच पुढं जातो. पुन्हा एक रेघ!

इथं मानकांच्या इतिहासातली एक गोष्ट बघण्यासारखी आहे. १९९९च्या एचटीटीपी मानकात रवानगीचा पत्ता पूर्णच हवा अशी अट होती, म्हणजे ॲप्लिकेशनला आपला बाहेरचा पत्ता माहीत असणं भाग होतं. जून २०१४मध्ये ती अट निघाली, सापेक्ष पत्ता चालू लागला. त्याच महिन्यात आरएफसी ७२३९ आला. दरवानानं आत कोणती माहिती पाठवावी ते त्यात ठरलं: कोणाकडून आलं, कोणामार्फत आलं, मूळ होस्ट कोणता, एचटीटीपी की एचटीटीपीएस. पण 'मी अमुक फोल्डर काढून टाकला आहे' हे सांगायची जागा त्यात नाही. ती उणीव 'एक्स-फॉरवर्डेड-प्रीफिक्स' या रूढीनं भरून काढली जाते. कोणी ती वाचतं, कोणी वाचत नाही. उपफोल्डरचा भाडेकरू मानकाच्या कागदावरही राहून गेला, असं म्हणायला हरकत नाही.

पुन्हा भाडेकरू

डिसेंबर २००८मध्ये गिटहब पेजेस ही फुकट सेवा सुरू झाली. तिथं प्रत्येक प्रकल्पाचं संकेतस्थळ वापरकर्त्याच्या पत्त्याच्या आत उपफोल्डरमध्ये येतं. स्वतःचं डोमेन गृहीत धरायला शिकलेली पिढी अचानक भाडेकरू झाली. जेकिल या साधनातलं 'बेस-यूआरएल' हे सेटिंग कुठं रेघ द्यायची, कुठं नाही, यावरून वर्षानुवर्षं गोंधळाचं कारण ठरलं. शेवटी २०१६मध्ये जेकिलच्या ३.३ आवृत्तीत त्यासाठी वेगळे फिल्टर दिले गेले.

त्याच सुमाराला ब्राउझरमध्येच चालणारी ॲप्लिकेशनं रूढ झाली. ती पान न बदलता पत्ता बदलतात. पूर्वी हे '#' नंतरच्या भागात व्हायचं आणि तो भाग सर्व्हरकडे जातच नाही, त्यामुळे काही तुटायचं नाही. हिस्टरी एपीआय आल्यावर पत्ता खऱ्या मार्गासारखा दिसू लागला. मग '/ग्रंथालय/पुस्तक/१२' वर वाचकानं पान ताजं केलं की सर्व्हर ती फाइल शोधतो आणि ४०४ देतो. इथं दोन कामं वेगळी आहेत. चित्रं, शैली आणि स्क्रिप्ट कुठून आणायच्या ते बांधणीच्या वेळी सांगावं लागतं, आणि दुवे कुठून मोजायचे ते राउटरला सांगावं लागतं. लोक एक करतात आणि दुसरं विसरतात.

उपफोल्डर प्रत्येक वेळी योग्यच असतो असंही नाही. ब्राउझरच्या सुरक्षेचा नियम होस्टकडे बघतो, फोल्डरकडे नाही. एकाच होस्टवरची दोन ॲप्लिकेशनं सुरक्षेच्या दृष्टीनं एकाच घरातली. एकाची स्क्रिप्ट दुसऱ्याची पानं वाचू शकते. कुकीला फोल्डरची मर्यादा घालता येते, पण ती भिंत नव्हे, पडदा आहे. ज्यांचा एकमेकांवर विश्वास नाही अशांना वेगळं उपडोमेनच द्यावं.

दुरुस्तीचा क्रम

आता दुरुस्ती. हा इतिहास डोक्यात असेल तर क्रम आपोआप ठरतो.

पहिलं, अंदाज बांधू नये. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा भाग उघडावा आणि ४०४ आलेला पत्ता वाचावा. त्यात फोल्डरचं नाव गळलं असेल तर दुवा रेघेनं सुरू झालेला आहे किंवा पानाच्या शेवटची रेघ नाही. नाव दोनदा आलं असेल तर ॲप्लिकेशन आणि दरवान दोघांनीही ते जोडलंय.

दुसरं, एक मालक ठरवावा. फोल्डरचं नाव एकाच सेटिंगमध्ये असावं. दरवान ते काढणार असेल तर ॲप्लिकेशनला तसं सांगावं.

तिसरं, दुवे हातानं लिहू नयेत. प्रत्येक चौकटीत पत्ता बनवून देणारं फंक्शन असतं, ते वापरावं. नुसत्या फाइलींचं संकेतस्थळ असेल तर सापेक्ष दुवे लिहावेत.

चौथं, विसरल्या जाणाऱ्या जागा. शैलीच्या फाइलमधल्या चित्रांचे पत्ते पानापासून नव्हे, त्या शैलीच्या फाइलपासून मोजले जातात. हा नियम डिसेंबर १९९६च्या पहिल्या सीएसएस मानकापासून आहे. तिथं सापेक्ष पत्ते घातले की फोल्डर सांगावाच लागत नाही. त्याशिवाय फॉर्म कुठं जातो, लॉगिननंतरची रवानगी, कुकीचा मार्ग, जावास्क्रिप्टमधल्या मागण्या आणि ईमेलमधून जाणारे दुवे. ईमेलमध्ये मात्र पूर्ण पत्ताच हवा, कारण तिथं शेजारी कोणीच नाही.

पाचवं आणि सर्वांत स्वस्त: ॲप्लिकेशन लिहितानाच स्वतःच्या संगणकावर ते दोन पातळ्या आतल्या उपफोल्डरमध्ये चालवावं. रिकाम्या अक्षरमालेनं लपवलेली चूक पहिल्याच दिवशी समोर येते.

यात अडकलंय काय?

एवढ्याशा रेघेसाठी एवढं कशाला, असं कोणी विचारेल. दोन कारणं आहेत.

पहिलं, कोण प्रकाशित करू शकतं याचं. गावातल्या वाचनालयाला, शाळेला, महाविद्यालयाच्या एखाद्या विभागाला स्वतःचं डोमेन घेणं, दरवर्षी त्याचं नूतनीकरण करणं, सर्व्हर सांभाळणं जमतंच असं नाही. कोणाच्या तरी वाड्यात एक खोली मिळते. मुळाशीच चालणारं सॉफ्टवेअर अशांना न बोलता सांगतं की हे तुमच्यासाठी नाही.

दुसरं कारण स्मरणाचं. इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेनं २००१मध्ये वेबॅक मशीन सर्वांसाठी खुलं केलं. त्याचा पत्ता कसा असतो बघा. अर्काइव्हचा होस्ट, मग तारीख-वेळ, आणि त्यापुढं मूळ संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता. म्हणजे तिथं जतन झालेलं प्रत्येक संकेतस्थळ एका उपफोल्डरमध्ये राहतंय! जिओसिटीज ऑक्टोबर २००९मध्ये बंद झालं. तिथल्या वस्त्यांमधली कितीतरी घरं आज अशाच उपफोल्डरमध्ये बघायला मिळतात. बंद पडलेली मराठी संकेतस्थळंही आपण तिथंच वाचतो. रेघेनं सुरू होणारे दुवे अर्काइव्हला एकेक करून बदलावे लागतात. जावास्क्रिप्टनं आयत्या वेळी जुळवलेले पत्ते तर पुष्कळदा हातातून निसटतात, आणि ती पानं जतन होऊनही उघडत नाहीत. साधे सापेक्ष दुवे मात्र तिथंही चालतात.

म्हणजे उपफोल्डर ही गरिबाची तात्पुरती सोय नाही. आज स्वतःच्या डोमेनवर ऐटीत उभं असलेलं संकेतस्थळही एक दिवस कोणाच्या तरी उपफोल्डरमध्येच जाणार आहे, जर ते टिकलं तर. १९९२च्या त्या पानांनी हा प्रवास केला आणि त्यांचे शेजारचे दुवे शाबूत राहिले. आपण आज लिहितो ते पान उद्या दुसऱ्याच्या वाड्यात उघडेल का, एवढा प्रश्न प्रत्येक दुवा लिहिताना स्वतःला विचारला तरी पुरे.

इथं थांबू.